खोटं, लटकं, थाप, आवई, कुभांड : सत्याच्या उलट बाजूचे शब्द

शब्दशोधक (धागाकर्ता)

मंडळी, 'सत्य'चा विरुद्धार्थी शब्द विचारला की 'असत्य' हे उत्तर तयार असतं. ते बरोबरही आहे. पण रोजच्या बोलण्यात 'असत्य' फारसं कुणाच्या तोंडी येत नाही. तिथे 'खोटं' चालतं, आणि त्या एका शब्दात आपण फार काही भरतो. पावसाचा अंदाज चुकला की तो 'खोटा ठरला'. नोट नकली निघाली की ती 'खोटी'. पोरानं वही हरवल्याचं सांगितलं तर 'खोटं बोलला'. कुणी शपथेवर निरपराध माणसाला गुंतवलं, तरी 'खोटी साक्ष दिली'. शब्द चारही ठिकाणी तोच. पहिल्यात दोष कुणाचाच नाही, चौथ्यात एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त होतं.

माझं म्हणणं असं: हे भेद दाखवणारे शब्द मराठीत भरपूर आहेत, आपण ते वापरणं सोडत चाललो आहोत, आणि त्यातून माणसांवर अन्याय होतो. जो चुकला तो 'खोटारडा' आणि ज्यानं ठरवून फसवलं तोही 'खोटारडा'. दोघांना एकाच रांगेत उभं केलं की पहिल्याला विनाकारण डाग लागतो, आणि दुसऱ्याला 'सगळेच बोलतात' म्हणायची सोय होते.

आधी तीन मोठे शब्द. 'खोट' म्हणजे उणीव. सोन्यात खोट, व्यवहारात खोट म्हणजे तोटा, नियतीत खोट. 'खरं-खोटं' या जोडीत म्हणूनच कसाला लावणं आहे : खरं नाणं, खोटं नाणं. 'असत्य'ची घडण निराळी. 'सत्' म्हणजे जे आहे ते. जे नाही त्याला 'आहे' म्हणणं म्हणजे असत्य. आणि तिसरा, आता जवळपास विस्मरणात गेलेला शब्द 'अनृत'. वेदांत 'ऋत' म्हणजे विश्वाची आणि व्यवहाराची नीट चाललेली घडी; ती मोडणारं ते अनृत. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वरुण लोकांचं 'सत्यानृत' न्याहाळत फिरतो. आपल्या राजमुद्रेखालचं 'सत्यमेव जयते' मुंडक उपनिषदातलं, ते २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलं गेलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या ओळीचा पुढचा तुकडा 'नानृतम्' आहे. म्हणजे तिथे सत्याच्या समोर उभं आहे ते अनृत. हा तुकडा मुद्रेवर नाही, आणि शब्दही आपल्या बोलण्यात उरला नाही. मला याची खरोखर हळहळ वाटते, कारण 'घडी मोडणारं' हा अर्थ 'खोटं'मध्ये येत नाही.

अशा शब्दांपैकी कोणता कुठे लावायचा हे माझ्या मते तीन गोष्टींवर ठरतं. बोलणाऱ्याला काय ठाऊक होतं, त्याला काय साधायचं होतं, आणि भोगावं कुणाला लागलं. तुमच्याकडे, तुमच्या कामात, तुमच्या बोलीत कोणते शब्द आहेत ते सांगा. नुसती यादी नको, फरक सांगा.

अनुस्वार

धागा आवडला, पण 'खोटं' बोथट आहे हे मला पटलं नाही. भेद आहे, तो क्रियापदात आहे. 'खोटं बोलणं' यात बोलणाऱ्यावर दोष येतो. 'खोटं ठरणं' यात येत नाही; अंदाज ठरतो, भाकीत ठरतं, वैज्ञानिकाचा सिद्धान्तही ठरतो आणि त्यात त्याची अप्रतिष्ठा नसते. 'खोटं पाडणं' म्हणजे दुसऱ्यानं चारचौघांत तोंडघशी पाडणं. तिथे खोटं पडलेला माणूस खराही असू शकतो. आणि 'खोटं करणं' म्हणजे बनावट करणं, सही खोटी करणं. तुमच्या चार उदाहरणांत क्रियापदं वेगळी आहेत, ती तुम्ही पाहिली नाहीत.

आणखी एक. 'हे खरं नाही' आणि 'हे खोटं आहे' ही दोन वाक्यं तर्कात एक असतील, मराठीत एक नाहीत. पहिल्यात मी विधान नाकारतो. दुसऱ्यात माणसालाही धरतो. भांडण टाळायचं असेल तर घरातली मोठी माणसं नेहमी पहिलं वाक्य वापरतात.

शब्दशोधक

@अनुस्वार, क्रियापदाचा मुद्दा मान्य, आणि फार चांगला आहे. फक्त विशेषण एकटं आलं की तो भेद गळून पडतो. 'खोटी माहिती', 'खोटा दावा', 'खोटा रिपोर्ट'. इथे क्रियापद नाही, त्यामुळे दोष कुणाचा हे ऐकणारा आपल्या मनानं ठरवतो. बातमीचे मथळे बहुतेक असेच असतात.

पाटीपेन्सिल

मी लहान मुलांना शिकवते. माझ्या वर्गात यातला सर्वांत कामाचा शब्द 'खोटं खोटं' हा आहे. 'खोटं' एकदा म्हटलं तर आरोप, दोनदा म्हटलं तर खेळ. खोटं खोटं रडणं, खोटी खोटी भाजी, खोटं खोटं दुकान. यात फसवणूक नाही, कारण दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. 'लुटुपुटूची लढाई' हाही त्याच घरातला शब्द. पालक तक्रार घेऊन येतात की चार वर्षांचं मूल 'खोटं बोलायला लागलं', आणि ऐकलं तर निघतं की त्यानं अंगणात वाघ आल्याचं सांगितलं. त्याला खोटारडा म्हणू नका, हे मी कळकळीनं सांगते. तो खोटं खोटं सांगत होता, फक्त तसं बजावून सांगण्याची अक्कल त्याला अजून आलेली नाही.

'लटकं' या शब्दाचा प्रवासही पाहा. ज्ञानेश्वरीत आणि तुकोबांच्या अभंगांत 'लटिकें' म्हणजे सरळ सरळ खोटं, भ्रामक, पोकळ. त्यात गोडवा नाही. आज आपण 'लटका राग' म्हणतो तेव्हा त्यात माया असते. राग खरा नाही हे रागावणाऱ्यालाही ठाऊक आणि ज्याच्यावर रागावला त्यालाही. काही शतकांत एक कठोर शब्द इतका मवाळ झाला! 'लटकं बोलू नकोस' असं आज कुणी म्हटलं तर ते दटावणं वाटत नाही, लाड वाटतात.

मांडवीकाठ

आमच्या कोंकणीत खोट्याला 'फट' म्हणतात. 'फट उलयता' म्हणजे खोटं बोलतो. फसवण्यासाठीही त्याच मुळाचा 'फटोवप'. म्हणजे आमच्याकडे खोटं बोलणं आणि फसवणं यांचं नातं शब्दातच आहे, मराठीत ते दोन वेगळ्या घरांत आहेत.

रानवाट

कुणी अफवेकडे आलं नाही म्हणून लिहितो. मला या शब्दांचं वेड आहे.

'अफवा' अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ 'अफ्वाह' हे अनेकवचन, अर्थ 'तोंडं'. या तोंडातून त्या तोंडात. अफवेला लेखक नसतो हे शब्दातच सांगितलं आहे. 'वावडी' म्हणजे मोठा पतंग. म्हणून वावडी 'उठते' किंवा कुणी ती 'उठवतो'. 'कंडी' मात्र 'पिकवतात'. कंडी पिकवणारा आहे, त्याला ठाऊक आहे की आपण काय पिकवतोय. 'आवई' आणि 'हूल' यांत धोक्याचा वास असतो. आला, आला, धावा, असं. 'हूल देणं' तर उघड डावपेच आहे. इकडे जातो असं दाखवून तिकडे जायचं, खेळाडूही देतात.

म्हणजे धागाकर्त्यांच्या तीन कसोट्या इथे लागतात. अफवेत सांगणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. कंडीत पहिल्या माणसाला ठाऊक असतं, पुढच्यांना नसतं. हुलेत ठाऊक असतं आणि हेतूही असतो. आज हे सगळं 'फेक न्यूज' या एका पोत्यात जातं. मग ज्यानं घाबरून शेजाऱ्याला सांगितलं तो आणि ज्यानं बसून मजकूर रचला तो, दोघांना एकच नाव मिळतं.

थापेबद्दलही थोडं. 'लोणकढी थाप' हा शब्द मला फार देखणा वाटतो. लोणी कढवून तिथल्या तिथे काढलेलं तूप ते लोणकढं. तशी जागच्या जागी, ताजी ताजी तयार झालेली थाप. थाप मारणाऱ्याला बहुधा कुणाचं नुकसान करायचं नसतं, स्वतःची वेळ निभावून न्यायची असते. 'बाता' त्याहून पोकळ, त्यात बढाई जास्त. 'भूलथाप' मात्र वाईट. तिथे समोरच्याला भुलवून त्याच्याकडून काही काढून घ्यायचं असतं. थाप आणि भूलथाप यांत दोन अक्षरांचा नाही, गुन्ह्याचा फरक आहे.

साक्षीपुरावा

वकिली करतो. खोट्या साक्षीचा विषय निघाला म्हणून कायद्यातली गंमत नव्हे, कायद्यातली बारकाई सांगतो, कारण तुमचा सगळा धागा त्यात आहे.

पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १९१ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २२७ आहे. व्याख्या तीच राहिली. शपथेवर केलेलं विधान खोटं असणं एवढं पुरत नाही. ते खोटं आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे, किंवा तसा त्याचा समज असला पाहिजे, किंवा ते खरं आहे असं त्याला वाटत नसलं पाहिजे. न्यायालयीन कामकाजात हा गुन्हा सिद्ध झाला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कलमाखालची दोन उदाहरणं विद्यार्थ्यांना मी नेहमी वाचून दाखवतो. एकात साक्षीदार एका माणसाचं हस्ताक्षर ओळखतो आणि प्रामाणिकपणे म्हणतो की ही सही त्याचीच आहे असं मला वाटतं. सही दुसऱ्याची निघाली, तरी ही खोटी साक्ष नाही. दुसऱ्यात साक्षीदार म्हणतो की अमुक माणूस अमुक दिवशी अमुक ठिकाणी होता हे मला माहीत आहे, आणि त्याला त्यातलं काहीच माहीत नसतं. ही खोटी साक्ष आहे, तो माणूस त्या दिवशी तिथे खरोखर असला तरीही!

म्हणजे पहिला चुकीचं बोलला पण खोटं बोलला नाही. दुसऱ्याचं विधान योगायोगानं बरोबर निघालं, पण तो खोटं बोलला, कारण 'मला माहीत आहे' हे खोटं होतं. या दुसऱ्या प्रकाराला मराठीत फार नेमका शब्द आहे : 'ठोकून देणं'. ठोकून देणाऱ्याला खरं-खोटं यांची फिकीरच नसते. लबाडाला निदान खरं काय ते ठाऊक असतं, कारण ते लपवायचं असतं. माझ्या अनुभवात ठोकून देणारा जास्त नुकसान करतो.

जुना शब्द हवा असेल तर 'कूटसाक्षी'. धर्मशास्त्रांत खोट्या साक्षीदाराला हेच नाव. कौटिल्यही खोटी नाणी पाडणाऱ्याला 'कूटरूपकारक' म्हणतो.

शुश्रूषा

साक्षीपुरावा सरांचं पहिलं उदाहरण वाचून लिहायचं धाडस केलं. मी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसोबत काम करते. नातेवाइकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'आई आता खोटं बोलायला लागली आहे.' जेवण झालेलं असतं आणि आई पाहुण्यांना सांगते की सकाळपासून कुणी विचारलं नाही. काल घराबाहेर पाऊल टाकलेलं नसतं आणि बाबा सविस्तर सांगतात की बँकेत गेलो होतो, अमका भेटला. मुलं दुखावतात. काही जण चिडून सगळ्यांसमोर खोटं पाडतात. अनुस्वार यांनी सांगितलेलं 'खोटं पाडणं' इथे अक्षरशः घडतं, आणि समोरचा माणूस बिथरतो, कारण त्याच्या लेखी तो खरंच बोलत असतो.

वैद्यकात याला कन्फॅब्युलेशन म्हणतात. आठवणीत पोकळी पडते आणि मेंदू ती आपोआप काहीतरी रचून भरतो. रुग्णाला रचल्याचा पत्ता नसतो. सर्गेई कोर्साकोव्ह या रशियन डॉक्टरनं १८८७ च्या सुमारास अशा रुग्णांचं वर्णन केलं. त्यांतले बरेच अतिमद्यपानाचे होते, आणि पुढे त्या आजारामागे थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता असल्याचं कळलं. अल्झायमरच्या रुग्णांतही ते दिसतं.

मला या धाग्यावरच्या जाणकारांना विचारायचं आहे. यासाठी मराठीत असा शब्द आहे का, ज्यात आरोप नाही? थाप नाही, बनाव नाही, बतावणी नाही. हे सगळे शब्द माणसाला दोषी करतात. मला तो शब्द घरच्यांना द्यायचा आहे.

पंचावयव

@शुश्रूषा, नेमका शब्द लगेच सुचत नाही, पण तुमच्या प्रश्नाचा गाभा आपल्या तर्कशास्त्रात फार पूर्वी आला आहे. एखाद्याचं बोलणं खोटं का निघतं, याची तिथे चार कारणं सांगतात. भ्रम, म्हणजे त्याचा स्वतःचाच गैरसमज. प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. करणापाटव, म्हणजे इंद्रियं किंवा साधनं दुबळी असणं. आणि विप्रलिप्सा, म्हणजे फसवण्याची इच्छा. चारांतलं एकच कारण लबाडीचं आहे! बाकी तीन माणसाच्या मर्यादेची आहेत. तुमच्या रुग्णांच्या बाबतीत हे करणापाटव आहे. आपण मात्र कुणाचं बोलणं खोटं निघालं की थेट विप्रलिप्सेवर उडी मारतो.

उलट बाजूही सांगतो. प्रत्येक शब्द खरा ठेवून फसवता येतं. 'नरो वा कुंजरो वा' आपण रोज म्हणतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, त्यामुळे युधिष्ठिराचं वाक्य खरंच होतं. पण द्रोणांना जे ऐकू जावं तेच गेलं. आणि महाभारतकारांनी त्याला सोडलं नाही. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, 'छल' म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा अर्थ मुद्दाम फिरवणं; त्याचे तीन प्रकार आहेत. वाक्छलाचं ठरलेलं उदाहरण 'नवकंबल' : एकजण म्हणतो, या मुलाजवळ नवं कांबळं आहे, दुसरा म्हणतो, कुठे नऊ आहेत, एकच तर आहे. 'नव'चे दोन्ही अर्थ खरे, तरी उत्तर अप्रामाणिक.

'मिथ्या' हा शब्दही वेगळा ठेवायला हवा. 'जगन्मिथ्या' याचा अर्थ जग म्हणजे थाप, असा लोक घेतात. अद्वैतात मिथ्या म्हणजे ज्याला पूर्ण सत्यही म्हणता येत नाही आणि सशाच्या शिंगासारखं मुळातच नसलेलंही म्हणता येत नाही. दोरीवर दिसलेला साप दिसतो, घाबरवतो, आणि दिवा आणल्यावर उरत नाही. कुणी फसवलेलं नाही.

वैयाकरण भर्तृहरीनं तर 'मी बोलतो ते सगळं मिथ्या' या वाक्याचाच विचार केला आहे. ते वाक्य स्वतःलाही लागू केलं, तर जे सांगायचं तेच सांगता येत नाही. म्हणून बोलणाऱ्याला ते वाक्य त्यात धरायचं नसतं, असं तो म्हणतो. मला हे फार आवडतं. कोडं सोडवताना तो पुन्हा बोलणाऱ्याच्या इच्छेकडेच येतो.

ओंजळ

आमच्या घरी रोज बौद्ध पंचशील म्हटलं जातं. 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहणं, हे त्यातलं चौथं शील, त्यामुळे खोट्यासाठी मी शिकलेला पहिला शब्द 'मुसावाद' होता. संस्कृत मृषावाद, पालीत मुसावाद. जैनांच्या व्रतांतही मृषावाद टाळणं आहेच. १९५६ नंतर हा शब्द लाखो मराठी घरांत पोचला, तरी आपल्या विरुद्धार्थी शब्दांच्या यादीत तो कधी दिसत नाही. तो यावा असं मला मनापासून वाटतं.

सम्यक वाचेत चार गोष्टी टाळायच्या असतात : खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड. चहाडी खरीसुद्धा असू शकते. म्हणजे खरं बोललं की वाणी शुद्ध झाली, असं तिथे मानलेलं नाही.

विमुक्तवाट

एक विनंती आहे, धाग्याच्या विषयातलीच. फसवणाऱ्यासाठी आपण 'भामटा' सर्रास वापरतो. भामटा हे एका जमातीचं नाव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी अनेक जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. शिक्का मात्र शब्दात राहिला, आणि शाळेत मुलाला आपल्या दाखल्यावरचा शब्द शिवी म्हणून ऐकावा लागतो. ठक, लुच्चा, लफंगा, लबाड, तोतया, भोंदू असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. हा एक सोडला तर भाषेचं काही अडणार नाही.

शब्दशोधक

@विमुक्तवाट, अगदी पटलं, आणि हे इथे लिहिलंत याबद्दल आभार. वर कुणी तो शब्द वापरलेला नाही, पुढेही वापरू नये.

यावरून राहिलेला एक गट आठवला, खोट्या आरोपाचा. आळ, बालंट, किटाळ, तोहमत, कुभांड. आळ 'येतो', बालंट 'येतं', किटाळ 'येतं'. जणू करणारा कुणी नाहीच. कुभांड मात्र 'रचतात'. आणि 'कांगावा' म्हणजे दोषी माणसानंच आधी आरडाओरडा करणं. या शब्दांत आपलं लक्ष बोलणाऱ्यावर नसून ज्याच्यावर आलं त्याच्यावर आहे, म्हणून मला हे शब्द मोलाचे वाटतात.

सडेतोड

सगळं वाचलं. माहिती उत्तम. पण मला यात धोका दिसतो आणि तो कुणी बोललं नाही.

एवढे बारीक भेद केले की सर्वांत जास्त फायदा सराईत खोटारड्याचा होतो. तो कधीच म्हणत नाही की मी खोटं बोललो. तो म्हणतो अनवधान, गैरसमज, अपुरी माहिती, बोलण्याचा ओघ. आणि ते ठरलेलं वाक्य : 'माझ्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला.' विपर्यास म्हणजे उलटा, चुकीचा अर्थ. म्हणजे बोलणारा स्वच्छ, दोष ऐकणाऱ्याच्या कानांत. तुमचे भ्रम आणि प्रमाद त्याच्या हातात गेले तर तो रोज भ्रमात असेल. साधा माणूस 'खोटं' म्हणतो तेव्हा त्या शब्दाला धार असते. ती का घालवायची? 'खोटं बोल पण रेटून बोल' ही म्हण ज्यांना लागू आहे त्यांना मी खोटारडेच म्हणणार.

शब्दशोधक

@सडेतोड, हा आक्षेप खरा आहे. मखलाशी करणारे आणि सारवासारव करणारे हेच शब्द ढाल म्हणून वापरतात, रोज पाहतो.

पण धार टिकवायची असेल तर शब्द जपूनच वापरायला हवा. तुम्ही अंदाज चुकलेल्यालाही खोटारडा म्हटलं, विसरलेल्यालाही म्हटलं, तर सराईताला म्हणताना त्या शब्दात काही उरत नाही. आणि त्याला पकडायची एक साधी रीत आहे. दाखवून दिल्यावर तो काय करतो ते पाहायचं. भ्रम असेल तर पुरावा समोर आल्यावर जातो, प्रमाद असेल तर माणूस दुरुस्त करतो. पुरावा पाहूनही दुसऱ्या दिवशी तोच माणूस तेच वाक्य बोलला, की त्या क्षणापासून ती लबाडी. पहिल्या वेळी काय होतं यावर वाद घालत बसायची गरजच नाही.

सडेतोड

ही कसोटी मान्य. फक्त दुरुस्तीही तितक्याच मोठ्यांदा व्हायला हवी. पहिल्या पानावर ठोकून द्यायचं आणि खुलासा आतल्या पानावर कोपऱ्यात, याला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

रानवाट

आणि पुढे पाठवणाऱ्यांचं काय? 'आलं तसं पुढे पाठवलं' असं लिहून मोकळे होतात. साक्षीपुरावा सरांच्या दुसऱ्या उदाहरणात बसतात ते. माहीत नसताना 'असं आहे' म्हणणं.

साक्षीपुरावा

शपथेवर नसतात, म्हणून त्या कलमात बसत नाहीत. पण बोलण्याचा दोष तोच, हे बरोबर. तुकोबांची ओळ आहे ना, 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता'. ग्वाही म्हणजे साक्ष. आधी आपल्याच मनाची साक्ष काढायची. शंभर जणांनी पाठवलं म्हणून साक्ष होत नाही.

पाटीपेन्सिल

वर आधी एक प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. शुश्रूषाताईंना शब्द हवा होता.

पंचावयव

विचार करत होतो. तर्कशास्त्रात 'हेतू' म्हणजे अनुमानाचं कारण; त्यासारखा दिसतो पण तसा नसतो तो 'हेत्वाभास'. त्या धर्तीवर आठवणीसारखं वाटतं पण आठवण नसते ते 'स्मृत्याभास'. यात दोष माणसावर येत नाही.

अनुस्वार

शास्त्रशुद्ध आहे, पण घरात कुणी म्हणेल का? नामापेक्षा क्रियापद शोधा. 'आई खोटं बोलते'च्या जागी 'आईला तसं आठवतं' एवढंच म्हणता येईल. कर्ता बदलला की आरोप जातो. 'बोलते' यात ती करते आहे. 'आईला आठवतं' यात तिला होतं आहे, जसं आपल्याला भूक लागते, झोप येते, भास होतो.

शुश्रूषा

हे लगेच वापरता येईल. मनापासून आभार, दोघांचेही.

नोंदवहीत 'स्मृत्याभास' लिहीन, कारण डॉक्टरांच्या टिपणात एक ठरलेला शब्द लागतो. घरच्यांशी बोलताना 'त्यांना तसं आठवतं' असंच सांगेन, आणि त्यांनाही तसंच म्हणायला सांगेन. अजून एक अडचण आहे. पैसे चोरल्याचा आरोप सुनेवर किंवा मदतनीस बाईंवर होतो, तेव्हा 'त्यांना तसं आठवतं' एवढ्यानं त्या बाईंचं समाधान होत नाही. तिच्यावर आळ आलेला असतो आणि तो पुसायचा असतो. त्या वेळी घरच्यांनी चारचौघांत काय म्हणावं, यावर कुणी सुचवलं तर हवं आहे.